वादी आणि प्रतिवादी एकाच बाकावर

कवळीबाईला वकील व्हावंसं वाटलं ते रागाच्या भरात. न्यायाशी त्याचा काही संबंध नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे लोक विचारायला लागले तेव्हा ती समाजसेवेबद्दल वगैरे काहीबाही बोलायची आणि तिचा नवरा मान खाली घालून हसायचा.

वय वर्षं बावन्न. गेली तीस वर्षं ती दातांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, ही त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायची आणि त्या साच्यांवर कवळ्या घडवायची. गावातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी हसत होती. म्हणून सगळे तिला कवळीबाई म्हणायचे. तिचं खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत होतं.

तिच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, टाइमटेबल राहायचे. हे गृहस्थ बस डेपोत एकतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखून निवृत्त झालेले. बायको वारली होती, मुलगी लांब दिलेली. एकटा माणूस, पण सकाळी सात दहाला खिडकी उघडणार आणि सात पंचवीसला लावणार. त्यात कधी खंड नाही.

या दोघांचं भांडण जिन्याखालच्या खोलीवरून होतं. खोली कसली, खिडकी नाही, आत दोन माणसं उभी राहिली तर एकमेकांच्या पायावर पाय द्यायची. कवळीबाईने तिथे प्लास्टरची चार पोती ठेवली होती, कारण अडीनडीचं काम ती घरी आणायची. टाइमटेबलांनी तिथे सायकल ठेवली, कारण त्यांच्या मते खोली त्यांच्या घराबरोबर आली होती. शब्दाने शब्द वाढला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाने पहिल्याच दिवशी हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. दाराला सील लागलं. आत पोती, आत सायकल. अशी नऊ वर्षं गेली.

त्या दिवशीही ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात गेली होती. तिचे वकील व्हरांड्यात भेटले, घाईत, काखेत फायली.

"पुढची तारीख मिळाली," ते म्हणाले.

"पण आज काय झालं?"

"सांगितलं ना. तारीख मिळाली."

"तारीख माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही मिळते. त्याला काळा कोट लागत नाही."

वकिलांनी फायली दुसऱ्या काखेत घेतल्या. "बाई, तुम्हाला कायद्यातलं काही कळत नाही. तुम्ही दात बघा."

कवळीबाई तडक फाटकाकडे निघाली. ती अशी निघाली की समजावं, काहीतरी घडणार. कोर्टाच्या फाटकाबाहेर खांबावर एक कागद डकवलेला होता: लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी, शनिवार-रविवार सकाळी, वयाची अट नाही. शेवटचे तीन शब्द तिने दोनदा वाचले आणि कागद खांबावरून सोलून पर्समध्ये टाकला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि समोरच्याला नीट दिसेपर्यंत शांत बसायची त्याला सवय होती.

"म्हणजे आता घरातही तारखा पडणार," तो म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं. ती त्याची संमती होती.

क्लास एका लाँड्रीच्या वर होता. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि फळ्यावरचा खडू दमट व्हायचा. शिकवायला एक मॅडम होत्या, सव्वीस वर्षांच्या. त्यांनी दीड वर्ष वकिली केली होती आणि मग, त्यांच्याच शब्दांत, जीव घेऊन पळाल्या होत्या. समोर अठरा मुलं-मुली, सगळी नुकती शाळा संपवलेली. कवळीबाई आत आली तेव्हा मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, कोणाची तरी आई तक्रार घेऊन आली.

"बसा रे, मीही शिकायला आलेय," ती म्हणाली आणि जागा शोधू लागली. शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी होती. तिच्या शेजारी, कंबर ताठ करून, समोर चार टोक केलेल्या पेन्सिली एका रेषेत मांडून, टाइमटेबल बसले होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नऊ वर्षांत जिन्यात समोरासमोर आले की एक जण कठड्याकडे आणि दुसरा भिंतीकडे बघायचा. इथे बघायला भिंतही नव्हती.

"तुम्ही इथे कशाला?" कवळीबाईने दबक्या आवाजात विचारलं.

"माझा वकील म्हणाला, तुम्हाला कायद्यातलं कळत नाही."

"तुम्हालाही?"

"म्हणाला, तुम्ही बसगाड्या बघा."

कवळीबाईला हसू आलं, ते तिने खोकल्यात मिसळून टाकलं. शत्रूच्या वकिलावर हसायला हरकत नव्हती, पण शत्रूबरोबर हसणं तिला जरा जास्त वाटलं.

पहिल्याच तासाला तिची आणि मॅडमची जुंपली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: सर्व वकील प्रामाणिक असतात. काही प्रामाणिक माणसं गरीब असतात. तर काही वकील गरीब असतात, असं म्हणता येईल का?

कवळीबाईने हात वर केला. "पहिलंच वाक्य खोटं आहे."

"काकू, ते गृहीत धरायचं असतं."

"गृहीत धरलं म्हणून तर नऊ वर्षं झाली."

मुलं हसली. मॅडमनी खडू खाली ठेवला. "काकू, बाहेर जग कसं आहे ते परीक्षेत विचारत नाहीत. फळ्यावर लिहिलंय तेवढंच जग, आणि त्यातून काय निघतं तेवढंच सांगायचं. न्याय हवा असेल तर बाहेर जा, गुण हवे असतील तर बसा."

कवळीबाई बसली. सबंध आठवडा ती त्या वाक्यावर धुमसत होती. प्रयोगशाळेत एका आजोबांच्या खालच्या कवळीला आकार देताना तिच्या लक्षात आलं की आपणही हेच करतो. साचा येतो. माणूस कसा आहे, काय खातो, कोणाशी भांडतो, काही माहीत नसतं. साच्यात आहे तेवढंच तोंड. आणि तरी कवळी कुठे टोचेल ते हातालाच आधी कळतं. पुढच्या शनिवारी मॅडमनी युक्तिवादांतले दोष शोधायला दिले तेव्हा तिने तसंच वाचायला सुरुवात केली, वाक्यांवरून अंगठा फिरवत, कुठे टोचतंय ते बघत. बारापैकी अकरा बरोबर आले. शेजारच्या बाकावरच्या मुलीने तिची वही उसनी मागितली. कवळीबाई त्या दिवशी घरी चालत गेली, बस सोडून.

टाइमटेबलांचं उलट होतं. सात माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, डॉक्टर शिंप्याच्या समोर आहे, शिंप्याला सुताराशेजारी बसायचं नाही, असलं काही दिलं की ते खुलायचे. मॅडमचं लिहून व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार. कवळीबाईला ती सात माणसंच पटत नव्हती. मोठ्या माणसांना स्वतःच्या खुर्च्या ठरवता येत नाहीत का, असं तिचं म्हणणं. पण उतारा वाचून लेखकाचं मत सांगा म्हटलं की टाइमटेबल अडायचे. ते लेखकाशी वाद घालायचे, आणि लेखक उत्तर देत नसल्यामुळे तो वाद आठ-आठ मिनिटं चालायचा.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी फर्मावलं की बाकावरच्या जोडीने एकमेकांना शिकवायचं.

"ह्यांच्याशी माझी केस चालू आहे," कवळीबाई म्हणाली.

"मग तुमची ओळख आहेच," मॅडम म्हणाल्या.

शिकवणी सुरू झाली. पहिले दोन रविवार दोघं एकमेकांकडे न बघता, कागदाकडे बघत बोलायचे. टाइमटेबलांनी तिला रकाने पाडायला शिकवलं. "माणसं विसरा. त्यांना गाड्या समजा. एका फलाटावर एका वेळी एकच गाडी." त्या दिवसापासून तिला गोल टेबलं सुटायला लागली. मग तिने त्यांच्यासमोर उतारा ठेवला आणि सांगितलं, "लेखक तुमचा मेव्हणा आहे असं समजा. तो चुकतोय हे तुम्हाला ठाऊक आहे. पण जेवण होईपर्यंत मान डोलवायची."

"माझा मेव्हणा फार जेवतो," टाइमटेबल म्हणाले, पण मान डोलवायला लागले.

परीक्षेला सहा आठवडे राहिले असताना मॅडमनी नवीन गृहपाठ दिला. प्रत्येकाने एक प्रश्न स्वतः रचून आणायचा: वर कायद्याचं एक तत्त्व, खाली एक प्रसंग आणि चार पर्याय. मॅडम प्रश्न मोठ्याने वाचणार, वर्ग उत्तर देणार.

टाइमटेबलांचा प्रश्न वाचायची वेळ आली. "एका इमारतीत जिन्याखाली खोली आहे," मॅडमनी सुरुवात केली. "'अ' हे शिस्तप्रिय निवृत्त अधिकारी असून ते तिथे आपली सायकल ठेवतात. 'ब' या भांडखोर बाई..."

कवळीबाई उभी राहिली. "हा प्रश्न एकतर्फी आहे. 'अ' यांनी सायकल आणायच्या आधी तिथे 'ब' यांची चार पोती होती."

"तीन," टाइमटेबल बसूनच म्हणाले.

"चार. चौथं मागे होतं. आणि 'अ' हे अधिकारी नव्हते, कारकून होते."

"मुख्य कारकून."

मॅडमनी दोघांना थांबवलं. त्या सगळं समजल्या होत्या आणि त्यांना मजा वाटत होती, हे कवळीबाईला दिसत होतं. त्यांनी दोघांचं म्हणणं ऐकून प्रश्न फळ्यावर नव्याने लिहिला, विशेषणं गाळून. शिस्तप्रियही गेलं, भांडखोरही गेलं. उरल्या चार ओळी. नऊ वर्षांचा मजकूर चार ओळींत बसला याचं कवळीबाईला फार वाईट वाटलं. खाली पर्याय होते: खोली 'अ' ची, खोली 'ब' ची, दोघांची अर्धी अर्धी. चौथा पर्याय काय द्यावा, असं मॅडमनी विचारलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "खोली इमारतीची आहे, या दोघांपैकी कोणाचीच नाही."

"लिहिते," मॅडम म्हणाल्या.

अठरांपैकी सतरा हात चौथ्या पर्यायाला वर झाले. अठरावा मुलगा झोपला होता.

"पण का?" टाइमटेबलांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

त्या मुलीने वहीतून वर बघितलं. "काका, जिना सगळ्यांचा असेल तर जिन्याखालचंही सगळ्यांचंच ना. कोणाच्या कागदात ती खोली लिहिलीय असं प्रश्नात कुठेच नाही. तुम्ही दोघांनी फक्त सामान ठेवलंय."

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कवळीबाईने मनातल्या मनात आपल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तो पहिल्याच ओळीत टोचला. तिच्या घराच्या कागदात खोलीचा उल्लेख नव्हता. हे तिला नऊ वर्षं माहीत होतं, आणि तिच्या वकिलालाही माहीत असणार.

क्लास सुटल्यावर दोघं पहिल्यांदाच एकत्र घरी गेले, अर्थात फुटपाथच्या दोन कडांवरून.

"तुमच्या कागदात आहे का?" तिने कोपऱ्यावर विचारलं.

"नाही," टाइमटेबल म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पोती चार असतील. मी मागे बघितलं नव्हतं."

खटला मागे घ्यायचा अर्ज दोघांनी मिळून दिला. दोन्ही वकील हादरले. तिचे वकील तर अक्षरशः तिच्या मागे धावत आले. "बाई, असं काय करता? आता कुठे केस रंगात येत होती." न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून दोघांना बघितलं आणि कारण विचारलं. "अभ्यासाला वेळ मिळत नाही," टाइमटेबलांनी सांगितलं. न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घेतलं.

सील तोडलं तेव्हा आतून दमट वास आला. चारही पोती ओल लागून दगड झाली होती, आणि एक पोतं फाटून त्यातलं प्लास्टर सायकलच्या मागच्या चाकाभोवती घट्ट बसलं होतं. सायकल आणि पोतं वेगळं करता येईना. भंगारवाल्याने घण घातला तेव्हा कवळीबाई आणि टाइमटेबल बाजूला उभे राहून बघत होते. खोली झाडून झाली, रिकामी झाली. त्यानंतर तिथे कोणीच काही ठेवलं नाही. पहिला कोण ठेवणार, हा प्रश्न पडला असता.

परीक्षेच्या दिवशी फाटकावर रखवालदाराने कवळीबाईला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी कोणाची पालक नाही," तिने प्रवेशपत्र दाखवलं. त्याने फोटो बघितला, तिला बघितलं, परत फोटो बघितला आणि अदबीने म्हणाला, "मग बाक लहान आहेत, सांभाळून बसा."

बाक खरंच लहान होते. दीडशे प्रश्न, दोन तास, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. ती येत नव्हतं ते सोडून देत पुढे सरकली. तीन बाक पुढे टाइमटेबलांची पाठ दिसत होती, ताठ. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही असा त्यांचा बाणा होता. डेपोत रिकामा रकाना म्हणजे कोणीतरी थांब्यावर ताटकळत उभं आहे, असं ते म्हणायचे. त्यांना त्यावरून तिने चारदा समजावलं होतं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. कवळीबाई पास झाली, शेवटून नव्हे, चांगली मधोमध. ती प्रयोगशाळेत साचे धूत होती. हात पुसून तिने निकाल पुन्हा बघितला, आणि मग खुर्चीवर बसून थोडी रडली. शाळा सोडल्यावर कोणी तिची परीक्षाच घेतली नव्हती. आपल्याला डोकं आहे की नुसते हात, हे तिला पस्तीस वर्षं नक्की माहीत नव्हतं. मग तिने यादीत खाली बघितलं. टाइमटेबलांचं नाव रेषेच्या खाली होतं. दीड गुण कमी.

दोन दिवस वरची खिडकी उघडली नाही, सात दहालाही नाही. तिसऱ्या दिवशी ती जिना चढून वर गेली. नऊ वर्षांत ती त्या दारापर्यंत गेली नव्हती. दार उघडलं. आत जेवणाच्या टेबलावर प्रश्नपत्रिका पसरलेली होती.

"वाईट वाटलं असं म्हणायला आल्या असाल तर नका म्हणू," टाइमटेबल म्हणाले.

"नाही म्हणत. मी पास झाले, मला बरं वाटतंय."

"मग बसा." त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बोट प्रश्नपत्रिकेवर ठेवलं. "हा बघा, चौऱ्याऐंशी."

प्रश्न असा होता: सकाळी सात ते नऊ या वेळेत दर वीस मिनिटांनी बस सुटते, पहिली बस सातला सुटते, तर एकूण किती बस सुटतील? परीक्षा मंडळाचं उत्तर होतं सात.

"सहा," टाइमटेबल म्हणाले. "नऊची गाडी पुढच्या पाळीत मोजतात. एकतीस वर्षं मी तेच केलं. नऊची गाडी आधीच्या पाळीत धरली असती तर दर दिवशी एक ड्रायव्हर दोनदा मोजला गेला असता."

"पण साध्या माणसाने सात मोजल्या तर?"

"तर तेही बरोबर. नऊ धरायचे की नाही हे प्रश्नात सांगितलेलंच नाही."

कवळीबाईने खुर्ची पुढे ओढली. "हेच मंडळाला लिहू. तुम्ही बरोबर आणि ते चूक, असं नाही लिहायचं. प्रश्नाची दोन उत्तरं निघतात, एवढंच."

"पण मी बरोबर आहे."

"असाल. ते लिहिलं की हरलो."

हरकतीचा अर्ज तिने लिहिला. पाच वेळा खोडला. त्यात टाइमटेबलांच्या एकतीस वर्षांवर त्यांनी दीड पान सांगितलं होतं, ते तिने एका ओळीवर आणलं. ते रुसले, पण सही केली. कॉलेज अजून सुरूही झालं नव्हतं आणि कवळीबाईला पहिला अशील मिळाला होता, तोही वरच्या मजल्यावरचा.

मंडळाचं उत्तर बाराव्या दिवशी आलं. हरकत मान्य. प्रश्न संदिग्ध असल्यामुळे तो रद्द, आणि सर्वांना त्या प्रश्नाचा पूर्ण गुण. कवळीबाईने पत्र हातात धरलं आणि तिला वाटलं, नऊ वर्षांत जे झालं नाही ते बारा दिवसांत झालं, तेही एका पानात. मग दोघं हिशेबाला बसले. टाइमटेबलांना एक गुण मिळाला आणि वजा झालेला पाव परत आला. सव्वा गुण. रेषा जागची हलली नव्हती. पाव गुण कमी.

टाइमटेबलांनी बेरीज पुन्हा करून बघितली.

"एक प्रश्न कोरा सोडला असतात तर," कवळीबाई म्हणाली, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

"सांगितलं होतंत तुम्ही," ते म्हणाले. "चारदा." मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. कवळीबाईने त्यांना हसताना कधी बघितलंच नव्हतं. त्यांचे दात खरे होते, तेही तिला तेव्हाच कळलं.

ती कॉलेजात जाऊ लागली. सकाळी वर्ग, दुपारी कवळ्या. पहिल्या सहामाहीत करारांच्या विषयात ती नापास झाली आणि दुसऱ्या खेपेला सुटली. नवरा तिला पुस्तकातले प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं की, "आता दिसतंय का?" असं दुकानातल्यासारखं विचारायचा. टाइमटेबल लाँड्रीवरच्या क्लासात परत जाऊ लागले. उतारे वाचायला ते दर रविवारी सकाळी खाली यायचे, दहा ते अकरा, आणि अकरा वाजता वाक्य अर्धं टाकून उठायचे.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेत त्यांनी नऊ प्रश्न कोरे सोडले. प्रत्येक कोऱ्या प्रश्नाचा आकडा त्यांनी हाताच्या मागे लिहून आणला होता, आणि बाहेर आल्यावर तिला दाखवला, जणू आपल्याला किती लागलंय ते दाखवतायत. त्यांचं नाव यादीत आलं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, वर्ग सुरू व्हायच्या पन्नास मिनिटं आधी फाटकाशी उभे होते. कवळीबाई दुसऱ्या वर्षाची पुस्तकं सावरत आली. तिच्याबरोबर वर्गातल्या दोघी मुली होत्या.

"काकू, हे कोण?" एकीने विचारलं.

"आमच्यावर केस होती त्यांची," कवळीबाई म्हणाली. "आता ज्युनियर आहेत." आणि टाइमटेबलांकडे वळून म्हणाली, "पहिल्या बाकावर बसू नका. करारांचे सर पहिल्या बाकाला फार प्रश्न विचारतात."

"मला उत्तरं येतात," टाइमटेबल म्हणाले आणि आत जाऊन पहिल्याच बाकावर बसले.